मॅमोग्राफी करू की नको?

‘काही त्रास नाही, गाठ नाही, मग उगाच कशाला तपासायचं?’ आणि त्याच दमात, ‘पण नाही केलं आणि नंतर काही निघालं तर?’ मॅमोग्राफीबद्दल, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीबद्दल, पन्नाशीच्या आसपासच्या बायकांकडून मी हे इतक्यांदा ऐकते की पुढचा प्रश्नही पाठ झालाय: ‘मॅडम, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?’

याचं उत्तर मी देत नाही. निर्णय जिचा तिनेच घ्यावा, यावर माझा ठाम विश्वास आहे. फक्त दोन्ही बाजू तिच्यापुढे उघड्या हव्यात.

अशाच एक शिक्षिका होत्या. टक्केवारी म्हटली की त्यांचं डोकं फिरायचं. मग कागदावर तीनच आकडे लिहिले. ब्रिटनमधल्या स्वतंत्र तज्ज्ञ समितीचा 2012चा अंदाज: पन्नाशीच्या 10,000 जणींना पुढची 20 वर्षं तपासणीला बोलावलं, तर स्तनाच्या कर्करोगाचे 43 मृत्यू टळतात, आणि 129 जणींमध्ये असा कर्करोग सापडतो, जो एरवी त्यांना जन्मभर जाणवलाही नसता.

‘त्या 129 जणींना कळतं का, आपण त्यातल्या आहोत ते?’

‘नाही. डॉक्टरांनाही सांगता येत नाही. म्हणून उपचार सगळ्यांवर होतात.’

हा प्रश्न त्यांना स्वतःहून सुचला, याचा मला आजही आनंद आहे. तरी निर्णय अडलेलाच. मग मी विचारलं, ‘पुन्हा तपासायला या, असा फोन आला तर ते दिवस कसे काढाल?’

बराच वेळ त्या कागदाची घडी घालत राहिल्या. ‘मॅडम, मशीनला मी भीत नाहीच. मी भिते त्या फोनला.’

तिथे गाठ सुटली. पुन्हा बोलावलेल्यांपैकी बहुतेकींना कर्करोग नसतो, हे आता त्यांना ऐकू आलं. फोन आल्यावर बहिणीला सांगायचं, मुलांना रिपोर्टनंतरच, इतकं ठरवून त्यांनी तपासणीची वेळ घेतली. दुसऱ्या एकीने हेच आकडे पाहून ‘तूर्त नको’ म्हटलं. तिचंही मला पटलं.

मात्र आईला किंवा बहिणीला कमी वयात हा आजार झाला असेल, तर हा हिशेब तुम्हाला लागू नाही. डॉक्टरांशी वेगळं बोला. घरात कुणाला नाही म्हणून निर्धास्तही राहू नका, बहुतेक रुग्णांच्या घरात तो नसतोच. आणि गाठ लागली, कातडी आत ओढली गेली, स्तनाग्रातून रक्त आलं, तर करू की नको हा प्रश्नच उरत नाही. गेल्या महिन्याचा रिपोर्ट चांगला असला तरी लगेच दाखवा. मॅमोग्राफीतूनही काही कर्करोग निसटतात.