छापील ठिपक्यांतून छायाचित्र परत मिळेल का?

प्रश्न : आजोबांचे छायाचित्र १९५०च्या सुमारास निघालेल्या एका स्मरणिकेत छापलेले आहे; मूळ प्रत घरात उरलेली नाही. स्कॅन करून मोठे केले की चेहऱ्याऐवजी नुसते ठिपके दिसतात, आणि स्टुडिओतून करून आणलेल्या प्रतीवर तर लहरींसारखे पट्टे उमटले आहेत. यातून मूळचे छायाचित्र परत मिळवता येईल का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : बऱ्याच अंशी मिळेल. छपाईची शाई एकच, काळी. म्हणून हाफटोन ब्लॉक (छायाचित्र छापण्यासाठीचा ठिपक्यांचा ठसा) करताना छायाचित्र जाळीतून टिपत आणि करड्या छटांचे काम ठिपक्यांच्या लहानमोठेपणावर सोपवत. जाळीच्या एकेका घरात काळे किती आणि कोरे किती, याची सरासरी काढली की ती छटा परत हाती येते. तपशिलाला मात्र मर्यादा आहे. जाळी इंचाला ८५ रेषांची असली तर दोन ठिपक्यांत सुमारे ०.३ मिलिमीटर अंतर पडते, म्हणजे दीड सेंटिमीटर रुंदीच्या चेहऱ्यावर आडवे जेमतेम ५० ठिपके बसतात. एवढ्यात मिशी आणि चष्म्याची कड ओळखू येईल, पापण्यांचे केस येणार नाहीत.

ते पट्टे ठिपक्यांची जाळी आणि स्कॅनरची जाळी एकमेकींशी न जुळल्यामुळे उमटतात. पानामागे काळा कागद ठेवून, म्हणजे पाठचा मजकूर झिरपून दिसणार नाही, ६०० किंवा शक्य तर १२०० डीपीआयवर (इंचाला तितके बिंदू) ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या छटांत, स्कॅन करावे आणि टिफ (चित्राचा दर्जा न घटवता साठवणारी) फाइल जपून ठेवावी. मग ठिपके एकमेकांत जेमतेम मिसळतील इतकेच गॉसियन ब्लर (शेजारच्या छटांची सरासरी काढून चित्र धूसर करणारी सोय) द्यावे. त्याहून जास्त दिले की नाकडोळेही विरघळू लागतात. फूरिये रूपांतराची (चित्रात ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारे नमुने वेगळे काढून दाखवणाऱ्या गणिताची) सोय असलेले सॉफ्टवेअर मिळाले तर अधिक चांगले, कारण नियमित अंतरावरचे ठिपके तेथे वेगळ्या तेजस्वी बिंदूंच्या रूपाने दिसतात आणि तेवढेच पुसता येतात, त्यामुळे कडा शाबूत राहतात. कागदावर शाई पसरून ठिपके फुगलेले असतात, म्हणून शेवटी मधल्या छटा थोड्या उजळाव्यात.

कृत्रिम बुद्धिमत्तेची अ‍ॅप्स याहून रेखीव चेहरा देतील, परंतु त्या पापण्या आजोबांच्या नसून इतर असंख्य चेहऱ्यांवरून अंदाजाने बसवलेल्या असतील. दिवाणखान्यात लावायला ती प्रत हरकत नाही. कुलवृत्तान्तात छापायची झाल्यास मी सरासरीने मिळवलेलीच देईन.