ध्यानात मला स्पष्ट दिसलं की माणूस दुसऱ्या ग्रहावरून आला आहे. विज्ञान हे का मानत नाही?

तुम्हाला दिसलं ते दिसलंच, त्यावर मी वाद घालणार नाही. मीही ध्यानाला बसतो, त्यामुळे अशा अनुभवाचा जोर किती असतो ते ठाऊक आहे. पण तो अनुभव वेगळा आणि त्यात कळलेला माणसाचा इतिहास वेगळा. इतिहास तपासता येतो.

हे तुमच्याआधीही काहींना दिसलंय. १९७३ साली क्लोद व्होरिलोन या फ्रेंच पत्रकाराने सांगितलं, की क्लेरमाँ-फेराँजवळच्या एका मृत ज्वालामुखीवर त्याला परग्रहवासी भेटला. सुमारे २५,००० वर्षांपूर्वी आपल्याच लोकांनी प्रयोगशाळेत, डीएनए वापरून माणूस घडवला, असं तो परग्रहवासी म्हणाला म्हणे. व्होरिलोनचा मग 'राएल' झाला आणि पंथ उभा राहिला.

त्याच्या कितीतरी आधी थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की होत्या. १८७९ साली त्या मुंबईत आल्या, गिरगावात राहिल्या, पुढे थिऑसॉफीचं ठाणं मद्रासजवळ अड्यारला हललं. १८८८ साली त्यांनी माणसाच्या सात मूळ वंशांची कथा मांडली, त्यातला तिसरा लेमुरिया नावाच्या बुडालेल्या खंडावरचा. हा लेमुरिया कुठल्या गुप्त ग्रंथातला नव्हे. मादागास्कर आणि भारत यांच्यातलं प्राण्यांचं साम्य समजावण्यासाठी फिलिप स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाने तो १८६४ साली सुचवला होता. पुढे खंडच सरकतात हे सिद्ध झालं आणि शास्त्राने लेमुरिया टाकून दिला. दिव्य ज्ञानात तो अजून आहे!

१८८८च्या ज्ञानात बुडालेला खंड, १९७३च्या ज्ञानात डीएनए. ज्या काळात जी चर्चा चालू, तीच आत उमटते. २०१० साली सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेतल्या बोटाच्या इवल्याशा हाडातून एक वेगळाच मानवगट उजेडात आला. त्याचा अंश पापुआ न्यू गिनीच्या लोकांत आजही आहे. वरच्या दोघांपैकी कुणालाही त्याची कुणकुण लागली नव्हती.

आता पुरावा. चिंपांझीची गुणसूत्रं ४८, आपली ४६. आपलं दुसरं गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक जुळून बनलंय, आणि एरवी टोकांना असणारा मजकूर त्याच्या मध्यभागी सापडतो. क जीवनसत्त्व बनवणारं जनुकही आपल्यात आणि वानरांत दोघांत निकामी आहे. बाहेरून कुणी येऊन आपल्याला घडवलं असेल, तर त्याने इथल्या चुकासुद्धा जशाच्या तशा का उतरवल्या?

साक्षात्काराला मी तुच्छ लेखतो असं मात्र समजू नका. आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गअभ्यासकाला नैसर्गिक निवडीची (परिस्थितीला जुळणारे जीव टिकतात आणि त्यातून जाती बदलत जातात, ही) कल्पना १८५८ साली मोलुक्का बेटांवर, हिवतापात थंडीने कुडकुडत पडलेला असताना सुचली. त्याने ती डार्विनला लिहून पाठवली आणि १ जुलै १८५८ला दोघांचं लेखन लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचलं गेलं. तापात सुचलं म्हणून कुणी ते फेकून दिलं नाही. मलाया द्वीपसमूहातून वॉलेसने सव्वा लाखाहून जास्त नमुने गोळा केले होते, कल्पना त्यांच्याशी ताडून बघता येत होती. हाच वॉलेस पुढे मृतात्म्यांशी बोलण्याच्या बैठकांना जाऊ लागला. १८६९ साली त्याने लिहिलं की माणसाचा मेंदू निवडीने घडणं शक्य नाही, त्यामागे वरची कुठलीतरी बुद्धी असणार. 'तुमच्या-माझ्या अपत्याचा तुम्ही अगदीच खून केला नसेल अशी आशा आहे,' असं निवडीच्या कल्पनेबद्दल डार्विनने त्याला कळवलं. माणूस तोच, प्रामाणिकपणाही तोच. पण या दुसऱ्या गोष्टीला ताडून बघायला काहीच नव्हतं.

म्हणून पुन्हा काही दिसलं तर ते कुठल्या ग्रहाचं एवढंच लिहू नका. कोणत्या डोंगरात, किती खोल, केवढं जुनं हाड सापडेल ते तारीख घालून लिहा आणि दोन-चार जणांकडे आधीच देऊन ठेवा. ते तसं निघालं, तर तुमच्या दारात पहिला शास्त्रज्ञच येईल.