ब्रिज केलं आणि वॉलेट शून्य दाखवतंय: पैसे खरंच गेले का?

पारोळा तालुक्यातला पंचविशीचा तरुण. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कापूस विकून आलेल्या पैशांतले थोडे वडिलांनी त्याला दुकानासाठी दिले होते. त्यातून त्याने एक्सचेंजवर (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या साइटवर) ४२० यूएसडीसी (डॉलरच्या किमतीशी बांधलेलं क्रिप्टो) घेतले आणि इथेरियम नेटवर्कवरून स्वतःच्या मेटामास्क वॉलेटमध्ये काढले. इथेरियमची फी जास्त लागते म्हणून पुढे ते पॉलिगॉन या दुसऱ्या नेटवर्कच्या अधिकृत ब्रिजने, म्हणजे एका नेटवर्कवरचं क्रिप्टो दुसऱ्यावर नेणाऱ्या सोयीने, पॉलिगॉनवर पाठवले. इथेरियमवरची रक्कम गेली आणि पॉलिगॉनवर शून्य दिसू लागलं. दोन रात्री झोप नाही, घरात कुणाला सांगितलेलं नाही, दर पाच मिनिटांनी वॉलेट उघडून पाहणं चालू. मदत मागायला आमच्यासमोर बसल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "ताई, मना पैसा बुडनात का?"

हा प्रश्न घेऊन येणाऱ्याला आम्ही सगळ्यात आधी एकच विचारतो: "भाऊ, वॉलेटचे बारा शब्द कुणाला सांगितलेत का? कुठल्या साइटवर टाकलेत का?" हे शब्द म्हणजे वॉलेटची मूळ किल्ली. त्याने टाकले नव्हते, पण टाकायच्या बेतात होता. टेलिग्रामवर त्याने मदत मागितली, तेव्हा 'सपोर्ट' नावाच्या खात्याने त्याला लिंक पाठवली होती. तिथे 'वॉलेट सिंक करा' असं बटण आणि खाली बारा रिकाम्या चौकटी होत्या. आमच्या मते खरा धोका इथे असतो. ब्रिजमध्ये अडकलेली रक्कम बहुतेक वेळा सापडते. ते बारा शब्द ज्याच्या हाती गेले, तो मात्र सगळ्या नेटवर्कांवरचं सगळं काही मिनिटांत उचलतो. ब्रिज असो, वॉलेट असो की एक्सप्लोरर (नेटवर्कवरच्या नोंदी दाखवणारी साइट), शिल्लक शोधायला हे शब्द कुणालाच लागत नाहीत.

दुसरी गोष्ट त्याला कागदावर लिहायला लावली: कुठल्या नेटवर्कवरून, कुठल्या नेटवर्कवर, कुठलं टोकन (इथे यूएसडीसी), किती, कधी, कुठल्या ब्रिजने आणि ट्रॅन्झॅक्शन हॅश (व्यवहाराचा ओळख क्रमांक) काय. घाबरलेल्या माणसाला आकडे लिहायला दिले की विचार जागेवर येतो, आणि तपासालाही नेमकं हेच लागतं. त्या वेळात नवा व्यवहार करायचा नाही, हे बजावलं. 'परत एकदा थोडे पाठवून बघू का?' असं बरेच जण विचारतात. बघू नका. एक व्यवहार समजला नसताना दुसरा केला की गुंता दुप्पट होतो.

वॉलेट ॲप टोकन साठवत नाही. ते फक्त त्या त्या नेटवर्कची नोंदवही वाचून दाखवतं. ॲपमध्ये शून्य दिसणं आणि साखळीवर, म्हणजे त्या नोंदवहीत, शून्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून ॲप बाजूला ठेवून एक्सप्लोरर उघडायचा: इथेरियमसाठी इथरस्कॅन, पॉलिगॉनसाठी पॉलिगॉनस्कॅन, बीएनबी स्मार्ट चेनसाठी बीएससीस्कॅन, आर्बिट्रमसाठी आर्बिस्कॅन, ट्रॉनसाठी ट्रॉनस्कॅन. पत्ता स्वतः टाइप करून उघडा. सर्चमधल्या जाहिरातीवर किंवा कुणी पाठवलेल्या लिंकवर टिचकी मारू नका.

आधी पाठवणाऱ्या बाजूला हॅश टाका आणि स्टेटस बघा. 'फेल्ड' असेल तर टोकन तुमच्याकडेच आहे, फक्त गॅस, म्हणजे नेटवर्कची फी, गेला. 'पेंडिंग' असेल तर बहुधा गॅस कमी लावला गेला आहे. वॉलेटमधूनच 'स्पीड अप' किंवा 'कॅन्सल' करता येतं. 'सक्सेस' दिसलं तरी तिथे थांबू नका, मेथडच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. ब्रिजला दोन सह्या लागतात. पहिली 'अप्रूव्ह', म्हणजे माझ्या टोकनला हात लावायची परवानगी. दुसरी प्रत्यक्ष पाठवण्याची. पुष्कळ जण पहिली सही करून, हिरवं 'सक्सेस' पाहून पान बंद करतात आणि तासन्‌तास वाट बघत बसतात. टोकन जागचं हललेलंच नसतं. या तरुणाच्या नोंदीत मात्र 'अप्रूव्ह' आणि 'डिपॉझिट फॉर' अशा दोन्ही ओळी होत्या. म्हणजे त्याच्या बाजूचं काम पूर्ण झालं होतं.

मग पॉलिगॉनस्कॅनवर त्याचा वॉलेट पत्ता टाकला. इथेरियम, पॉलिगॉन, बीएनबी स्मार्ट चेन, आर्बिट्रम यांवर तोच पत्ता चालतो: झिरो-एक्सने सुरू होणारा, एकूण ४२ अक्षरांचा. पत्ता एकच असला तरी प्रत्येक नेटवर्कवरची शिल्लक स्वतंत्र असते. तिथे साध्या व्यवहारांची यादी रिकामी होती आणि ते पाहून त्याचा चेहरा उतरला. पण टोकनच्या हालचाली 'टोकन ट्रान्सफर्स' या वेगळ्या टॅबमध्ये दिसतात. तो टॅब उघडला तर ४२० जमा. पाठवणारा म्हणून शून्यांनी भरलेला पत्ता होता, याचा अर्थ टोकन तिथे नव्याने तयार झालं होतं. तारीख बघितली. पाठवल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ते पोचलं होतं.

मग ॲपमध्ये का दिसत नव्हतं? ब्रिजचं काम जिनिंगच्या गोदामासारखं आहे. इथेरियमवरचं यूएसडीसी ब्रिजच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये (साखळीवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) कुलूपबंद होतं आणि पॉलिगॉनवर तेवढ्याच रकमेची पावती बनते. त्या पावतीचं नाव यूएसडीसी डॉट ई. याखेरीज सर्कल कंपनीने स्वतः थेट पॉलिगॉनवर काढलेलं यूएसडीसीही आहे, ते ऑक्टोबर २०२३ मध्ये आलं. दोघांची किंमत जवळपास सारखी असली तरी कॉन्ट्रॅक्ट वेगळे. थेट यूएसडीसीचा पत्ता झिरो-एक्स-३सी४९ ने सुरू होतो, ब्रिजवरून आलेल्याचा झिरो-एक्स-२७९१ ने. त्याने एका व्हिडिओत पाहून पहिला पत्ता वॉलेटमध्ये टाकला होता. ॲपने तो कॉन्ट्रॅक्ट वाचला, तिथे त्याचं काही नव्हतं, म्हणून शून्य. ॲप खोटं बोलत नव्हतं.

दुरुस्ती अशी. वॉलेटमध्ये नेटवर्क पॉलिगॉन निवडा, त्याचा चेन आयडी १३७ आहे. पॉलिगॉनस्कॅनवर जमा झालेल्या टोकनच्या नावावर टिचकी मारून कॉन्ट्रॅक्ट पत्ता तिथूनच कॉपी करा. आधी नाव, धारकांची संख्या आणि ब्रिजच्या अधिकृत यादीतला पत्ता ताडून पाहा, कारण अनोळखी, फुकट आलेली टोकनं त्याच टॅबमध्ये दिसतात आणि त्यांच्या नादी लागायचं नाही. मग 'इम्पोर्ट टोकन'मध्ये तो पत्ता टाका. दशांश स्थळं ॲप बहुधा स्वतः भरतं. हाताने भरायची वेळ आली तर एक्सप्लोररवर लिहिलेलाच आकडा टाका. पॉलिगॉनवर यूएसडीसीला ६ आहेत, तर बीएनबी स्मार्ट चेनवरच्या यूएसडीटीला १८. ६ च्या जागी १८ टाकले तर ४२० ऐवजी ०.०००००००००४२ येतात आणि ॲप ते शून्य म्हणूनच दाखवतं.

शिल्लक दिसली. रडू आवरून त्याने लगेच ती एक्सचेंजला पाठवायचा प्रयत्न केला आणि व्यवहार अडला, कारण पॉलिगॉनवर फी पीओएलमध्ये लागते. हेच ते पूर्वीचं मॅटिक, सप्टेंबर २०२४ मध्ये बदललेलं. त्याच्याकडे इथेरियमवर थोडं ईथर, म्हणजे तिथल्या फीचं नाणं, होतं, पण ते पॉलिगॉनवर कामाचं नाही. एक-दोन पीओएल पुष्कळ व्यवहारांना पुरतात. एक्सचेंजवरून ते काढताना नेटवर्क पॉलिगॉनच निवडायचं. पीओएल इथेरियमवरही आहे, आणि तिकडे काढलं की त्याच खड्ड्यात दुसऱ्यांदा पाय.

एक्सचेंजला पाठवण्याआधी आणखी एक थांबा आहे आणि तो चुकवू नये. एक्सचेंजच्या डिपॉझिट पानावर कुठला कॉन्ट्रॅक्ट लिहिलाय ते वाचा. पुष्कळ ठिकाणी फक्त थेट यूएसडीसी स्वीकारतात. डॉट ई पाठवलं तर साखळीवर पोचतं, पण खात्यात जमा होत नाही. त्याने आधी डॉट ईचं यूएसडीसी करून घेतलं, मग १० ची चाचणी रक्कम पाठवली, ती जमा झाल्यावर उरलेली. या अदलाबदलीची नोंदही ठेवायला सांगितली. भारतात एक क्रिप्टो देऊन दुसरं घेणं हेही हस्तांतरण धरतात, नफ्यावर ३० टक्के कर १ एप्रिल २०२२ पासून आहे आणि १ टक्का टीडीएस १ जुलै २०२२ पासून. हिशेब सीएला दाखवावा.

सगळ्यांचं असं सुटत नाही, आणि समोरच्याला ते स्पष्ट सांगणं हे आमचं काम आहे. उलट्या दिशेने, पॉलिगॉनवरून इथेरियमवर येताना, काही तास थांबून शेवटी 'क्लेम' (रक्कम ताब्यात घेण्याचा आणखी एक व्यवहार) करावं लागतं आणि त्यासाठी इथेरियमवर ईथर लागतं. ते केलं नाही तर रक्कम तशीच पडून राहते, बुडत नाही. आर्बिट्रम किंवा ऑप्टिमिझमच्या मूळ ब्रिजने परत येताना सुमारे ७ दिवस लागतात. तिथे वाट पाहणं आणि शेवटी 'क्लेम' करणं हाच उपाय. चुकीच्या नेटवर्कवरून एक्सचेंजच्या पत्त्यावर गेलं असेल तर त्या पत्त्याची किल्ली एक्सचेंजकडे असते. हॅश देऊन तिकीट नोंदवा. परत करायचं की नाही आणि फी किती हे ते ठरवतात. घेणाऱ्याच्या जागी टोकनचा कॉन्ट्रॅक्ट पत्ताच चिकटवला असेल तर ते टोकन जवळजवळ नेहमीच कायमचं अडकतं. आणि गोदामच लुटलं गेलं तर पावतीची किंमत उरत नाही. मार्च २०२२ मध्ये रोनिन ब्रिजवर अशी चोरी झाली. जुलै २०२३ मध्ये मल्टिचेन हा ब्रिज बंद पडल्यावर त्याची ब्रिज केलेली टोकनं घसरली. म्हणून डॉट ई किंवा तसं दुसरं टोकन लागेल तेवढाच काळ जवळ ठेवा.

बारा शब्द आधीच देऊन बसलेल्यांनी पासवर्ड बदलण्यात वेळ घालवू नये, त्याने काहीच होत नाही. त्याच वॉलेटमध्ये नवं अकाउंट जोडूनही उपयोग नाही, तेही त्याच शब्दांतून निघतं. पूर्ण नवं वॉलेट, नवे शब्द, आणि उरलेलं लगेच तिकडे. मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, सोबत हॅश आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट. 'पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा' म्हणणारा त्यानंतर हमखास येतो. तो त्याच टोळीतला किंवा तसाच दुसरा.

त्या तरुणाचा शेवटचा प्रश्न वडिलांचा होता. आता रक्कम सापडली आहे, तर सांगायची काय गरज? आमचा सल्ला सांगण्याचाच होता, आणि तो कागद हातात धरून: किती टाकले, कुठे गेले, कुठे सापडले, किती परत आले, गॅस आणि फी मिळून किती गेलं. दुकानासाठी दिलेले पैसे क्रिप्टोत गेले हे बापाला सांगणं अवघड आहे. पण पुढच्या वेळी काही अडलं तर घरातलं एक माणूस तरी जवळ हवं, टेलिग्रामवरचा अनोळखी नको. त्याने बापूंना सांगितलं. बापू आधी चिडले, मग म्हणाले, "ते बारा शब्द लिखी ठेवेल शेत ना? कोठे?"