बुश बदलू की अख्खा लोअर आर्मच टाकू?

प्रश्न : नमस्कार दादा, माझी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ९० हजार किलोमीटरच्या आसपास झालीय. मी रोज इंदिरानगरहून अंबड एमआयडीसीत जाते आणि अधूनमधून पेठ रोडने गावी. हल्ली स्पीडब्रेकर उतरताना डावीकडून खडखड येतो, ब्रेक मारला की 'टक्' होतं आणि गाडी जरा डावीकडे ओढते. एका गॅरेजवाल्याने सांगितलं दोन्ही लोअर आर्म नवीन टाका, दुसरा म्हणतो नुसते बुश बदलू. दोघांच्या एस्टिमेटमध्ये बराच फरक आहे. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, दोघांनाही आधी एकच विचारा, बॉल जॉइंट कसा आहे? बुश गेलेत हे तुमच्या वर्णनावरूनच वाटतंय, पण आर्म ठेवायचा की टाकायचा हे बुशवर नाही, बॉल जॉइंटवर आणि आर्मच्या पत्र्यावर ठरतं.

लोअर आर्म म्हणजे चाक आणि गाडीची खालची फ्रेम जोडणारा हात. फ्रेमच्या बाजूला दोन रबरी बुश, म्हणजे लोखंडी रिंगेत बसवलेलं, धक्का खाणारं रबर, आणि चाकाच्या बाजूला बॉल जॉइंट, म्हणजे चाक वळू देणारा गोल सांधा. बहुतेक हॅचबॅकमध्ये मागचा बुश मोठा असतो आणि ब्रेकचा धक्का जास्त करून तोच खातो, म्हणून ब्रेकला टक् आणि गाडी ओढणं म्हटलं की आधी मागच्या बुशकडे बघायचं. वरवर बारीक भेगा दिसल्या म्हणून लगेच बदलायची गरज नसते, पण टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म हलवला आणि रबर लोखंडापासून सुटलेलं दिसलं तर तो बुश गेला.

आता बॉल जॉइंट. गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावायला सांगा, चाक वरून-खालून धरून हलवायचं. खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं, खेळ गायब झाला तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे, राहिला तर बॉल जॉइंटवर संशय घ्यायचा आणि तिथेच टॉमी लावून खात्री करायची. जॉइंटचं रबरी बूट (वरचं टोपण) फाटलंय का तेही बघा, फाटलं की आत पाणी-माती जाते आणि जॉइंट फार टिकत नाही. हा भाग मी कधीच हलक्यात घेत नाही, कारण बुश गेला तर आवाज येतो, टायर आतल्या कडेने झिजतो, पण बॉल जॉइंट निखळला तर चाकच आडवं पडतं आणि ते कसारा घाट उतरताना झालं तर काय होईल ते सांगायला नको.

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत बॉल जॉइंट आर्मलाच पक्का बसवलेला असतो, वेगळा मिळत नाही. तेव्हा तो ढिला असेल, किंवा खड्ड्यात आपटून आर्म वाकलाय, किंवा बुशची जागा गंजून खाल्लीय, तर अख्खा आर्मच घ्या. वाकलेला आर्म ठोकून किंवा वेल्डिंग करून सरळ करून घेऊ नका. पण जॉइंट घट्ट आणि आर्म सरळ असेल तर कंपनीचा चांगला आर्म काढून स्वस्तातला लोकल आर्म टाकण्यात काहीच अर्थ नाही, जुन्याच आर्ममध्ये ओरिजिनल बुश टाका. आर्म काढ-घालायची मजुरी दोन्हीकडे सारखीच, बुशला फक्त प्रेसचं, म्हणजे मशीनने दाबून काढा-बसवायचं, काम वाढतं.

आणि ते काम खरंच हायड्रॉलिक प्रेसवरच होऊ द्या. हातोड्याने ठोकून बसवला तर बाहेरची रिंग वाकडी होते. काही बुशवर बाणाची किंवा रेघेची खूण असते, ती आर्मवर ठरलेल्या दिशेलाच यायला हवी.

सगळ्यात जास्त चूक पुढे होते. हे बुश फिरत नाहीत, त्यांचं रबर पिळलं जातं. गाडी हवेत, चाकं लोंबकळताना बोल्ट फायनल टाइट केला तर गाडी खाली आली की रबर कायमचंच पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो, मग लोक म्हणतात पार्ट डुप्लिकेट निघाला. म्हणून बोल्ट हलके लावून गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा पाना मारायला सांगा, शक्य असेल तर समोर उभं राहून. दोन्ही बाजूंचे बुश एकदमच बदला, नंतर चाकांची अलाइनमेंट करून घ्या. आणि सर्व्हिसिंगला खालून डिझेलचा फवारा मारू देऊ नका, त्याने रबर फुगतं.

प्रश्न : पीयूचे बुश टाकले तर पुन्हा बदलायची कटकट मिटेल का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : रोजच्या गाडीला मी सुचवणार नाही. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, रबरापेक्षा कडक, त्यामुळे स्टेअरिंग टाइट वाटतं पण रस्त्याचा प्रत्येक हादरा आत येतो आणि ग्रीस सुकलं की कुईकुई सुरू होते. गाडी रॅलीसाठी करून घेत असाल तर वेगळी गोष्ट, घरच्या माणसांना घेऊन फिरायचं असेल तर रबरच बरं.