व्हेअरमध्ये स्वतःचं फंक्शन वापरलं की क्वेरी इतकी मंद का होते?

फोन नंबरमधल्या मोकळ्या जागा आणि डॅश काढणारं तुमचं फंक्शन चुकीचं नाही, ते व्हेअरमध्ये, म्हणजे क्वेरीतल्या ओळी निवडणाऱ्या अटीत, फोन नंबरच्या कॉलमवर वापरलंय ही जागा चुकली. कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळलंत की त्या कॉलमवरचा साधा इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) निरुपयोगी होतो. मग डेटाबेस टेबलातली प्रत्येक ओळ उचलतो, तिच्यावर फंक्शन चालवतो आणि मग तुलना करतो. दहा लाख ओळी, तर दहा लाख कॉल.

पोस्टग्रेस डेटाबेसवर असाल तर फंक्शनच्या निकालावरच इंडेक्स बनवा. त्यासाठी फंक्शन इम्युटेबल (त्याच इनपुटला नेहमी तेच उत्तर देणारं) घोषित करावं लागतं. काहीच लिहिलं नाही तर ते व्होलाटाइल (उत्तर कधीही बदलू शकणारं) धरलं जातं आणि इंडेक्स बनवताना एरर येते. मात्र ती एरर घालवायला म्हणून इम्युटेबल लिहू नका. आत दुसरं टेबल वाचत असाल तर ते इम्युटेबल नाहीच, आणि डेटाबेस हे तपासत बसत नाही, गुपचूप चुकीची उत्तरं देतो. पुढे कधी फंक्शनचा कोड बदललात तर रीइंडेक्सही करा, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधा, हे हमखास विसरलं जातं.

एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये 2019 च्या आवृत्तीपासून बरीचशी स्केलर (एकच मूल्य परत देणारी) फंक्शन्स क्वेरीतच विरघळवली जातात, पण त्याला अटी बऱ्याच आहेत. मी तिथे पर्सिस्टेड कंप्युटेड कॉलम (फंक्शनचं उत्तर आधीच काढून साठवणारा कॉलम) करून त्यावर इंडेक्स टाकेन.

तारखांना तर फंक्शनची गरजच नसते. वर्ष काढून 2024 शी तुलना करण्यापेक्षा 1 जानेवारी 2024 पासून पुढे आणि 1 जानेवारी 2025 च्या आधी, अशी अट घाला.