वाचकांचे प्रश्न : बंद खोलीतला सायकलचा हिवाळा

प्रश्न : मी मूळची कोल्हापूरची, सध्या नोकरीनिमित्त म्युनिकला असते. वय ४१. गोव्यातली अर्ध्या अंतराची आयर्नमॅन मी पूर्ण केली आहे आणि येत्या जुलैत इथल्याच, जर्मनीतल्या रोटची पूर्ण अंतराची ट्रायथलॉन (पोहणे, सायकल आणि धावणे) करायची आहे. इथे डिसेंबरात दुपारी साडेचारच्या आतच सूर्य मावळतो आणि रस्ते गोठतात, म्हणून ट्रेनर, म्हणजे घरातच सायकल जागच्या जागी चालवण्याचे यंत्र, घेतला. पण रस्त्यावर चार तास सहज सायकल चालवणारी मी ट्रेनरवर तासाभरात गळून जाते आणि तेवढ्याच वॅटला (पॅडलवरच्या तेवढ्याच शक्तीला) नाडी पंधरा ठोके जास्त दिसते. माझी तयारी कमी आहे, की काही चुकते आहे? सायकलसाठी आठवड्याला फार तर पाच तास मिळतात. तेवढ्यात १८० किलोमीटरची तयारी कशी करावी?
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : आधी तुमच्या खोलीकडे पाहू, कारण तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणे मला तिथलीच वाटतात. सायकल चालवताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते, तिचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोहोचतो आणि बाकीच्या सगळ्याची उष्णता होते. पडद्यावर १५० वॅट दिसत असतात तेव्हा तुमचे शरीर पाचशे वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकत असते. म्हणजे दारे-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत एक लहान हीटरच तासभर चालू असतो. रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने जाताना समोरून तेवढ्याच वेगाचा वारा लागतो आणि घाम अंगावरच सुकतो. खोलीत तो सुकत नाही, नुसता निथळतो, आणि निथळलेल्या घामाने अंग थंड होत नाही. मग शरीर जास्त रक्त त्वचेकडे पाठवते, पायांनाही ते हवेच असते, आणि दोघांची गरज भागवताना हृदयाचे ठोके वाढतात. गोव्यात दिवस वर चढल्यावर धावताना जी तगमग झाली असेल, तीच तुम्ही बाहेर शून्य अंश तापमान असताना घरात ओढवून घेत आहात.

त्यामुळे व्यायामाआधी अर्धा तास खोलीतले हीटिंग बंद करावे, खिडकी उघडावी आणि तापमान पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरू द्यावे. सुरुवातीची दहा मिनिटे थंडी वाजली तर अंगात एक जादा टी-शर्ट असू द्यावा, तो नंतर काढता येतो. पंखा मोठा हवा, जमिनीवर ठेवायचा, जोराचा झोत देणारा. त्याचा झोत समोरून छातीच्या उंचीवर यावा आणि जमल्यास दुसरा तिरका पाठीवर. माझे मत स्पष्ट आहे : पैसे मोजकेच असतील तर ट्रेनर एक पायरी कमी प्रतीचा घ्यावा, पण पंख्यात काटकसर करू नये. जर्मनीतल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी नेमके उलटे केले होते. महागडा ट्रेनर आणला, पंखा आणलाच नाही, आणि घामासाठी हँडलबारवर घरचा एक पंचा टाकून बसलो. मार्चमध्ये हँडलबारची टेप सोडवली तेव्हा आत मिठाची पांढरी पूड साठलेली होती आणि स्टेमचा, म्हणजे हँडलबार धरून ठेवणाऱ्या भागाचा, एक बोल्ट इतका गंजला होता की पाना लावताच त्याचे डोके तुटून हातात आले. तो उतारावर तुटला असता तर काय झाले असते, याचा विचार आजही मनातून जात नाही. पंचा जरूर टाकावा, पण दर वेळी सायकल ओल्या फडक्याने पुसावी आणि महिन्यातून एकदा हे बोल्ट तपासावेत.

पाण्याचा अंदाज घेण्यासाठी एक सोपा उपाय आहे. व्यायामाआधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करावे. एक किलो कमी भरले तर साधारण एक लिटर घाम गेला. त्यात मध्ये प्यायलेले पाणी मिळवावे. खोलीत तासाला एक लिटर घाम जाणे मुळीच नवलाचे नाही. खोली थंड करूनही नाडी तशीच चढी राहिली, चक्कर आली किंवा छातीत काही वेगळे जाणवले, तर मात्र सराव थांबवून डॉक्टरांना भेटावे.

आता पाच तासांचा प्रश्न. रूढ पद्धत अशी की हिवाळ्यात लांब आणि संथ चालवायचे आणि स्पर्धा जवळ आली की वेग वाढवायचा. ज्याच्याकडे आठवड्याला बारा तास आणि कोरडे रस्ते आहेत, त्याच्यासाठी ती चांगली आहे. तुमच्यासाठी मी क्रम उलटा करीन : डिसेंबर ते मार्च तीव्रता वाढवायची आणि एप्रिलपासून, दिवस मोठा झाला की, रस्त्यावर अंतर वाढवायचे. ट्रेनरवर पॅडल कधीच सुटत नाही. उतार नाही, सिग्नल नाही, मागे लपायला कोणी नाही. म्हणून तिथला दीड तास रस्त्यावरच्या दोन तासांच्या जवळपास जातो, आणि नेमक्या वॅटला वीस मिनिटे आकडा ढळू न देता काम करणे रस्त्यावर जेवढे अवघड, तेवढेच ट्रेनरवर सोपे.

त्याआधी स्वतःचा एफटीपी मोजावा, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढी शक्ती. चांगले अंग तापवून वीस मिनिटे जेवढे जमेल तेवढे समान जोराने चालवावे आणि सरासरीचे ९५ टक्के धरावेत. वीस मिनिटांना २१० वॅट आले तर एफटीपी २०० झाला. ही चाचणी ट्रेनरवरच, पंखा लावून करावी. रस्त्यावरचा आकडा बहुधा जास्त येतो आणि तो धरून घरातला आराखडा केला की माणूस दुसऱ्या आठवड्यातच हरतो.

२०० वॅट धरून सांगतो. मंगळवारी एफटीपीच्या ८८ ते ९४ टक्क्यांवर, म्हणजे १७६ ते १८८ वॅटवर, दहा-दहा मिनिटांचे तीन टप्पे, मध्ये पाच मिनिटे विश्रांती. महिन्याभरात ते वीस मिनिटांचे दोन आणि फेब्रुवारीत वीस मिनिटांचे तीन व्हावेत. गुरुवारी तीन-तीन मिनिटांचे पाच टप्पे २२० ते २३० वॅटवर, मध्ये तेवढीच विश्रांती. हा गुरुवार सहा आठवडेच ठेवावा. पुढे त्या दिवशी पॅडलचे फेरे मिनिटाला साठपर्यंत खाली आणून जड गिअरवर सहा-सहा मिनिटे चालवावे, चढासाठी त्याचा उपयोग होतो. शनिवारी दोन ते सव्वादोन तास १३० ते १४० वॅटवर, एअरोबारवर (वाकून बसण्यासाठी पुढे बसवलेल्या दांड्यांवर) कोपरे टेकवून, आणि उतरल्यावर लगेच बूट बदलून पंधरा मिनिटे धावावे. शनिवार मुद्दाम म्हणतो आहे, कारण जर्मनीत रविवार हा शांततेचा दिवस असतो आणि तुमच्या खाली राहणाऱ्यांना ट्रेनरच्या आवाजापेक्षा जमिनीतून जाणारी थरथर जास्त त्रास देते. ट्रेनरखाली जाड रबरी चटई घालावी आणि रात्री दहानंतर तो चालवूच नये. तीन आठवडे चढते, चौथा हलका, असे चक्र ठेवावे. जोराचा तिसरा दिवस वाढवू नये, कारण पोहणे आणि धावणेही त्याच पायांनी करायचे आहे.

ट्रेनरने ठरावीक वॅट लावून धरण्याची सोय असते तिला अर्ग मोड म्हणतात, आणि नवख्यांची दमछाक बऱ्याचदा तिथेच होते. थकल्यावर फेरे ८५ वरून ७० वर येतात. यंत्राला तर तेवढेच वॅट हवे असतात, म्हणून ते पॅडल जड करते. फेरे ५५ वर येतात, ते आणखी जड करते, आणि पाय चिखलात रुतल्यासारखे अडकतात. अशा वेळी गिअर बदलून उपयोग नसतो. पॅडल मारणे क्षणभर थांबवावे, यंत्राने पकड सोडली की हलक्या पायाने फेरे नव्वदपर्यंत न्यावेत आणि मग भार घ्यावा. दर टप्पा सुरू होण्याआधी पाच सेकंद फेरे वाढवून ठेवले तर ही वेळ सहसा येतच नाही. आणखी एक बारकावा : वॅट तेच असले तरी लहान चेनरिंगवर (पॅडलजवळच्या दातेरी चाकावर) ट्रेनरचे फ्लायव्हील, म्हणजे आतले जड चाक, हळू फिरते आणि पायाला चढासारखे वाटते, मोठ्या चेनरिंगवर ते जोरात फिरते आणि सपाट रस्त्यासारखे वाटते. रोटचा १८० किलोमीटरचा मार्ग दोन फेऱ्यांचा आणि बराचसा वेगाचा आहे, म्हणून शनिवारचा बहुतेक वेळ मोठ्या चेनरिंगवर घालवावा.

खाण्याची तालीमही याच खोलीत होते. दोन तासांच्या सत्रात तासाला ६० ग्रॅम कर्बोदके घेऊन पाहावे आणि पोट मान्य करील तसे मार्चपर्यंत ८०-९० ग्रॅमवर यावे. साठच्या पुढे जाताना ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोज असलेला स्रोत लागतो, कारण आतडे या दोन साखरा वेगवेगळ्या वाटांनी शोषते. साध्या साखरेत दोन्ही असतात. लिंबू, मीठ आणि मोजून घातलेली साखर यांचे सरबत महागड्या पावडरीइतकेच काम करते. खजूर बाहेर छान लागतो, पण नाडी १४० असताना तो चावायला मिनिटभर लागते, हे आताच कळलेले बरे.

मार्चपर्यंत तुम्ही सलग अडीच तासांपलीकडे गेलेल्या नसाल, आणि त्याची काळजी करू नये. एप्रिल ते जून रस्त्यावर तीन तासांपासून साडेपाच तासांपर्यंत जायला तीन महिने हातात आहेत, आणि वाढलेल्या एफटीपीमुळे तेच १४० वॅट तेव्हा अधिक सोपे वाटतील.

प्रश्न : मी टोरांटोला राहतो, वय ५२. व्यावसायिक ट्रायथलॉनपटू लायोनेल सँडर्स आमच्याच ऑन्टारियोचा आणि त्याने वर्षानुवर्षे जवळजवळ सगळे सायकलिंग घरात केले, म्हणून मीही दर रविवारी बेसमेंटमध्ये चार तास ट्रेनरवर बसतो. पण दीड तासानंतर जांघेत बधिरपणा येतो आणि जखमाही होऊ लागल्या आहेत. सॅडल बदलू का?
— एक वाचक, टोरांटो

उत्तर : सँडर्सचे उदाहरण खरे आहे. विंडसरच्या थंडीत ट्रेनरवर घडलेला हा खेळाडू २०१७ मध्ये हवाईतल्या कोनाच्या जागतिक आयर्नमॅन स्पर्धेत दुसरा आला. जर्मन ट्रायथलॉनपटू यान फ्रोडेनोने तर एप्रिल २०२० मध्ये, साथीच्या टाळेबंदीत, स्पेनमधल्या खिरोना इथल्या आपल्या घरातच पोहणे, ट्रेनर आणि ट्रेडमिल मिळून पूर्ण अंतर साडेआठ तासांहून थोड्या अधिक वेळात पार केले. पण या दोघांचा हा व्यवसाय आहे. त्यांच्या आठवड्याभराच्या विश्रांतीइतकी झोपही तुम्हा-आम्हाला मिळत नाही.

सॅडल बदलण्याआधी कारण समजून घ्यावे. रस्त्यावर सायकल खाली सतत डुलत असते आणि खड्डा, वळण, चढ यांच्या निमित्ताने आपण नकळत उठतो, सरकतो. ट्रेनरवर ती घट्ट आवळलेली असते, म्हणून एकाच जागी तासन्‌तास दाब राहतो, आणि त्यात घामाने ओली झालेली शॉर्ट कातडी घासते. दर आठ-दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभे राहून पॅडल मारावे, घड्याळाला गजर लावून मारावे. पुढचे आणि मागचे चाक एका पातळीत आहे का हे पाहावे. पुढची बाजू खाली असेल तर सगळा भार पुढे येतो. दीड तासाने खाली उतरून कोरडी शॉर्ट घालावी. हे उपचार म्हणून फार साधे वाटते, पण जखमांवर याहून गुणकारी उपाय मला माहीत नाही. कातडी भरून येईपर्यंत ट्रेनर बंद ठेवावा. बधिरपणा उतरल्यानंतरही तासाभराने जात नसेल तर तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही; आधी डॉक्टर, मग सायकलची मापे जुळवून देणारा जाणकार, आणि सॅडलची खरेदी त्यानंतर.

चार तासांची सत्रे मी बंद करायला सांगेन. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दीड तास केलेत तर दुसरे सत्र थकलेल्या पायांनी होते, आणि तुम्हाला हवा असलेला बराचसा फायदा तिथे मिळतो.

प्रश्न : मिनिआपोलिसमध्ये मार्चअखेर बर्फ वितळू लागते. ट्रेनरवरून रस्त्यावर कधी आणि कसे यावे?
— एक वाचक, मिनिआपोलिस

उत्तर : रात्रीचे तापमान शून्याखाली जात असेल तोवर सकाळी लवकर बाहेर पडू नये. दिवसा वितळलेले पाणी रात्री पुन्हा गोठते आणि पुलांवर, सावलीतल्या वळणांवर त्याचा काचेसारखा पातळ थर राहतो, तो डांबराच्या रंगाचाच दिसतो. दुपार निवडावी. रस्त्यावर टाकलेले मीठ आणि खडी मार्चमध्ये तशीच पडलेली असते, तेव्हा पहिली फेरी स्पर्धेच्या टायरांवर करू नये.

चार महिने ट्रेनरवर काढल्याने पाय तयार असतात, पण हात, मान आणि नजर विसरलेली असतात. वळण घेणे, मागे वळून पाहणे, एका हाताने बाटली काढून पुन्हा जागेवर ठेवणे, बाजूच्या वाऱ्यात एअरोबार धरून ठेवणे, यांतले काहीच खोलीत होत नाही. म्हणून पहिले तीन दिवस वॅटचा आकडा पाहू नये. रिकाम्या पार्किंगमध्ये अर्धा तास वळणे आणि ब्रेक यांची उजळणी करावी. मागचे चाक काढून ट्रेनरवर बसवलेली सायकल असेल तर चाक परत बसवल्यावर गिअर नीट पडतात का हे स्टँडवर पाहावे, कारण ट्रेनरची आणि चाकाची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) बहुधा केसभर पुढे-मागे असते. टायर ट्रेनरच्या रोलरवर टेकवून चालवली असेल तर मागचा टायर मधोमध सपाट झालेला आढळेल. तो बदलूनच बाहेर पडावे. आणि पहिल्या उताराला लागण्याआधी दोन्ही ब्रेक एकेकदा पूर्ण दाबून पाहावेत, कारण चार महिने त्यांना कोणी हात लावलेला नसतो.