काउंटर सांभाळू की थर्मो?

प्रश्न : सर, मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव निफाड तालुक्यात, वडिलांची दोन एकर द्राक्षबाग. यंदा अवकाळीत ती गेली, म्हणून नाशिकला गंगापूर रोडवर एका मेडिकलमध्ये संध्याकाळी ५ ते १०.३० काम धरलं. महिन्याला ६,५०० मिळतात. आडगाव नाक्यावरच्या खोलीवर पोहोचायला ११ वाजतात. सकाळची प्रॅक्टिकलं बुडतात, कमी हजेरीच्या डिफॉल्टर लिस्टला नाव लागलंय, थर्मोडायनॅमिक्सच्या, म्हणजे थर्मोच्या, इनसेमला (सत्रामधल्या परीक्षेला) ३० पैकी ७ पडले. काम सोडू का?
— एक विद्यार्थी, आडगाव नाका

उत्तर : सोडू नकोस, बदल.

तुझं पत्र आलं त्याच पाकिटाच्या मागे मी हिशेब मांडला. साडेपाच तास, २६ दिवस, म्हणजे १४३ तास. पेट्रोलचे ९०० तरी जात असतील. ते वजा केले की तासाला चाळीसही पडत नाहीत. वर दुसऱ्या दिवशीची सकाळ जाते ती वेगळीच.

मी १९८९ साली सातपूरला सेकंड शिफ्ट करत डिप्लोमा शिकत होतो. रात्री बारानंतर खोलीवर येऊन ड्रॉइंग शीट काढायची. हात कितीही घासले तरी नखातलं ग्रीस जात नसे. एकदा आयसोमेट्रिक व्ह्यूवर अंगठा उमटला. मास्तरांनी त्याच्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला आणि खाली लिहिलं, ‘पुन्हा’. त्या खेपेला माझे दोन विषय राहिले. सुपरवायझरशी बोलायची लाज वाटायची. शेवटी वेळापत्रक घेऊन गेलो, तर त्याने परीक्षेपुरती बारा दिवस बिनपगारी रजा दिली. मागितली असती तर आधीच्या वर्षीही मिळाली असती!

तर आडगाव नाका, पंचवटी भागात दहावीची दोन-तीन मुलं गणिताला शोध. रोज दीड तास, पेट्रोल नाही, आठ वाजता तू मोकळा. सुरुवातीला पैसे कमी पडतील, हे धरून चाल.

ती तूट भरायला कागद हलव. दोन एकर म्हणजे वडील अल्पभूधारकात बसतात. तहसीलचा दाखला काढ आणि महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचे निकष वाचून अर्ज कर. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे. शिवाय विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना आहे. कॉलेजातल्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटून ती तुमच्याकडे चालते का, ते विचार.

डिफॉल्टरचं मात्र याच आठवड्यात बघ. बुडालेली प्रॅक्टिकलं दुसऱ्या बॅचबरोबर करू द्या म्हणून सरांना भेट. जाताना जर्नल रिकामं नेऊ नकोस, निदान दोन प्रयोग लिहून ने.

आणि मेडिकलवाल्यांना सोडतोय हे सांगशील ते पगार हातात पडल्यावर.